मुक्काम जर्मनी, पोस्ट मेहकर

सोमवार, ६ ऑक्टोबर

वैजनाथ सरांनी काल सत्कारात ही डायरी दिली. पहिल्या पानावर त्यांच्या फळ्यावरच्या अक्षरात लिहिलं आहे, ‘चि. संघपाल यास. जर्मनीतील अनुभव रोज शुद्ध भाषेत लिहावेत.’ माफ करा सर. अनुभव जर्मनीतले नाहीत, अन शुद्ध लिहायला घेतलं की मी मलेच खोटा वाटायला लागतो. तेवढा खोटेपणा आधीच पुरेसा झाला आहे. मी मेहकरात आहे. पंचफुला आत्याच्या गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत, लसणाच्या जुड्या अन बंद पडलेल्या कुलरच्या मधात.

झालं असं, की व्हिसा आलाच नाही. तिकीट होतं, बॅग होती, अॅडमिशन होतं. पासपोर्ट तेवढा मुंबईत व्हिसावाल्यांकडं अडकला. वेबसाईट रोज एकच म्हणे, ‘प्रक्रियेत आहे.’ मी घरी सांगणारच होतो. सकाळी म्हणे संध्याकाळी सांगू, संध्याकाळी म्हणे सकाळी सांगू. तोवर बाबांचं सांगून झालं होतं. बाबा एसटीत कंडक्टर, मेहकर डेपो. गाडीत चढणाऱ्या प्रत्येक माणसाले त्यांनी तिकिटासोबत बातमी दिली, ‘पोट्टं जर्मनीले चाललं माह्यं. पाण्याचं शिकाले.’ मंग आमच्या गावात, बीबीच्या स्टँडवर, निळा फ्लेक्स लागला. कोट फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरमधला, मुंडकं माझं. मागं विमान, अन विमानाच्या पंखावर ओळीनं बसलेले सगळे शुभेच्छुक.

अन मंग विहारासमोर रोडग्याचं जेवण, म्हणजे निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे. आमच्या वस्तीत एक नियम आहे, कुठं लिहिलेला नाही पण सारे पाळतात. निरोपाचे रोडगे खाल्ले की माणूस गेलाच पाहिजे. वस्तीतल्या म्हाताऱ्या तानुबाईच्या नातवाची दुबईची नोकरी अशीच रोडगे खाल्ल्यावर हुकली. आता गावात त्याचं मोबाईलचं दुकान आहे, बरं चाललं आहे, पण नाव पडलं ते पडलंच. ‘दुबई’. त्याच्या बायकोले ‘दुबईची बायको’ म्हणतात, अन शाळेत त्याच्या पोरीचीही सुटका नाही. मले ‘जर्मनी’ व्हायचं नव्हतं. मी तं होऊन जाईन, निर्लज्ज आहे. पण बाबा ‘जर्मनीचा बाप’ झालेले मले पाहवणार नाही. रोज त्याच लोकांच्या तोंडासमोर उभं राहून तिकीट फाडायचं असते त्यांना.

म्हणून मी रोडगे खाल्ले. चार खाल्ले. वांग्याची भाजी दोनदा घेतली. अपराधी माणसाले भूक लागत नाही म्हणतात ते खोटं आहे.

रेल्वेसाठी आम्हाले जालना जवळ पडते. पण बोलेरो गावातल्या नारायणरावांची, अन ते म्हणे, ‘शेगाववरून बसू दे ना बे, माह्यं दर्शन होऊन जाईन.’ त्यांचं दर्शन झालं. स्टेशनवर आई रडली, तानुबाई रडली, नारायणरावही रडले. बाबा रडले नाहीत. गाडी हलली तसं त्यांनी डब्याच्या पत्र्यावर तळहातानं दोनदा थाप मारली. एक घंटी म्हणजे थांब, दोन घंट्या म्हणजे चल. आमच्या घरात आशीर्वाद असाच देतात.

जर्मनीच्या दिशेनं माझा प्रवास मलकापूरपर्यंत झाला. तिथं उतरून तोंडाले रुमाल बांधला, टोपी खाली ओढली अन मेहकरची एसटी धरली. कंडक्टरनं माझ्याकडं पाह्यलं, बॅगेकडं पाह्यलं. बॅगेवर वस्तीतल्या पोट्ट्यांनी विमानाची चित्रं चिकटवलेली. ‘मेहकर ना?’ म्हणे. मी काही बोललोही नव्हतो. ‘बस ना बाबू निवांत. बॅग समोर ठेव, तिथं धक्के बसत नाहीत.’ किती भली माणसं असतात एसटीत. अन महत्त्वाचं म्हणजे मले कोणी ओळखलं नाही.

आत्या रिटायर नर्स. तिनं दार उघडलं, मले वरपासून खालपर्यंत पाह्यलं, अन काहीच विचारलं नाही. मीच सांगत बसलो. म्हणे, ‘राह्य इथंच. दिव्याखाली अंधार.’ दिवा लै जवळ आहे पण. डेपो पाच मिनिटांवर, अन मेहकरात ड्युटी असली की बाबा दुपारी आत्याकडंच जेवतात. आत्या म्हणे, ‘त्याचं मी पाहीन.’

युनिव्हर्सिटीले मेल केला. त्यांचं उत्तर आलं, पंधरा नोव्हेंबरपर्यंत वर्ग ऑनलाइन करा, त्यानंतर प्रत्यक्ष हजर नसाल तर जागा गेली. म्हणजे माझं परदेशातलं शिक्षण सुरू झालं आहे. फक्त परदेश बाकी आहे.

मंगळवार, ७ ऑक्टोबर

घरी पहिला फोन.

‘पोहोचला का रे?’ आई.

‘हाव.’

‘कसं आहे तिकडं?’

‘लै थंडी.’ डोक्यावर पत्रा तापलेला, अन घाम कानात जाऊन राह्यला होता.

‘मंग पंखा बारीक कर,’ आई म्हणे. ‘आवाज येऊन राह्यला.’

बिचारी. थंडीत पंखा कोण लावते! व्हिडिओ लाव म्हणाली, तं मी सांगितलं, विमानात कॅमेरा खराब झाला. विमानात कॅमेरे खराब होतात हे तिनं मुकाट मान्य केलं. मंग बाबांनी फोन घेतला. ‘जेवला का?’

‘ब्रेड खाल्ला.’

‘पंचफुलाच्या हातची भाकर नाही भेटत ना तिकडं,’ बाबा म्हणाले अन खोकलले. मले भरून आलं. समोर पंचफुलाच्या हातची भाकर होती, ती खाऊन घेतली.

गुरुवार, ९ ऑक्टोबर

आत्याचे नियम: दिवसा अंगणात यायचं नाही, मोठ्यानं गाणं म्हणायचं नाही, गच्चीच्या कठड्याजवळ उभं राहायचं नाही. तिच्या दवाखान्यात संसर्गाच्या पेशंटले असंच ठेवत असतील.

एक चांगलं झालं. बाबा जेवायला येत नाहीत. आत्या म्हणे, त्यांची ड्युटी बुलडाण्याकडं बदलली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा डेपोनं माझ्या सोयीनं काहीतरी केलं.

जेवणात ठेचा होता. मिरची भाजताना करपलेली, दाणे जास्त, मीठ कमी. अगदी आईसारखा. आत्याले विचारलं, तं म्हणे शेजारणीनं दिला. म्हणजे करपवणं ही आईची एकटीची चूक नाही, आपल्या जिल्ह्याची पद्धतच दिसते. इतकी वर्षं उगाच तिले बोललो.

सोमवार, १३ ऑक्टोबर

आज पहिला वर्ग. तिकडं सकाळ, इकडं दुपार. कॅमेरा सुरू ठेवणं सक्तीचं. मागं लसूण दिसू नये म्हणून आत्यानं मोराची चादर बांधली. मी वरून शर्ट अन टाय, खालून बर्मुडा. सत्काराचा टाय पहिल्यांदा कामी आला.

सारे वर्गात बसलेले, मी एकटा भिंतीवरच्या पडद्यावर. बाई प्रोफेसर आहेत, वयस्कर, चष्मा कपाळावर. त्यांनी सगळ्यांना एकच प्रश्न विचारला, तुमच्या घरी पाणी कसं येतं? कोणी म्हणे नळानं, कोणी म्हणे धरणातून, एकजण म्हणे कधी विचार केला नाही. माझी पाळी आली. मी रात्रभर पाठ केलेलं इंग्रजी सुरू करणार, तेवढ्यात खालून आत्या ओरडली, ‘संघ्या, नळ आला!’

आता हे लिहायलाही लाज वाटते. ‘नळ आला’ हे दोन शब्द ऐकले की बुलडाणा जिल्ह्यातला माणूस विचार करत नाही, धावते. मी धावलो. जर्मनी गेली, टाय राह्यला, हातात बादली. ड्रम भरला, टाकी भरली, घागरी भरल्या, मंग आठवलं की मी परदेशात शिकून राह्यलो. शेजारीण कंपाउंडवरून पाहत होती. ‘पंचफुलाबाई, हा कोण हो?’

‘प्लंबर,’ आत्या म्हणे.

टाय घातलेला प्लंबर. शेजारणीनं मान डोलावली, जणू मेहकरात सारे असेच असतात.

वर आलो तं वर्ग शांत. सगळे पडद्याकडं पाहत बसलेले, मी ओला. खरं काय ते सांगून टाकलं, आठवड्यातून एकदा येते, कधी येईल ते सांगत नाही. बाईंनी चष्मा डोळ्यांवर घेतला. म्हणाल्या, आजचा तास इथून पुढं यावरच होईल. तासभर सारा वर्ग आत्याच्या नळावर बोलला. त्यातलं मले अर्धं समजलं.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

नळ आला नाही. वर्ग नीट झाला.

शुक्रवार, १७ ऑक्टोबर

वाचलो! थोडक्यात वाचलो.

आत्याच्या साड्या वाळत घालायला गच्चीवर गेलो होतो. खाली गल्लीच्या कोपऱ्यावर चहाची टपरी, तिथं बाबा. खाकी कपडे, खांद्याले तिकिटाची बॅग. मी दोन साड्यांच्या मधात श्वास धरून उभा. बाबांनी चहा घेतला. संपला तरी गेले नाहीत. दुसरा घेतला, ते कधीच दुसरा घेत नाहीत, पित्त होते त्यांना. सारा वेळ आमच्या गच्चीकडं पाहत होते. गच्चीवर कबुतरं असतात, त्यांना आवडतात कबुतरं. चहा पिऊन ते बहिणीच्या दारापर्यंत न येताच डेपोकडं गेले. एवढ्या जवळ येऊन आत्याले भेटलेही नाहीत. मले जरा रागच आला. बहीण आहे ना सख्खी.

आत्याले सांगितलं, तं तिनं पदरानं नाक पुसलं. म्हणे, ‘साडीचा पिवळा रंग तुले शोभते पण.’

संध्याकाळी दाराले संत्र्याची पिशवी अडकवलेली होती. शेजारीण खरंच चांगली आहे.

शुक्रवार, २४ ऑक्टोबर

व्हिसावाल्यांचा मेल आला. वाचला. पुन्हा वाचला. मंग गच्चीवर जाऊन बसलो.

ते म्हणतात, तुमच्या आरोग्य विम्याच्या कागदाच्या जागी आम्हाला एक रंगीत चित्र मिळालं आहे, त्याचा तुमच्या अर्जाशी संबंध समजला नाही. सोबत चित्र परत जोडलेलं. उघडलं. फ्लेक्स! कोट, मुंडकं, विमान, पंखावरचे शुभेच्छुक. कोपऱ्यात हात जोडलेले नारायणराव. फ्लेक्सवाल्यानं पाठवलेल्या फाइलीचं नाव होतं ‘संघपाल फायनल’. विम्याचा कागद व्हिसावाल्यांनी मागाहून मागवला होता, अन त्या फाइलीचंही मी तेच ठेवलं होतं. महिनाभर मुंबईतल्या त्या ऑफिसात कोणीतरी नारायणरावांकडं पाहत विचार करत बसलं असंन, की हा माणूस नेमका कशाचा विमा आहे.

म्हणजे ना नशीब वाईट, ना सरकार. मीच. मले बह्याड म्हणणंही बह्याडांचा अपमान आहे. खरा कागद लगेच पाठवला. त्यांच्या हिशोबानं अजून वेळ लागेल, अन पंधरा तारीख तं काही माझ्यासाठी थांबत नाही. हसलो, मंग रडलो. आत्या वर आली, शेजारी बसली, बसल्या बसल्या लसूण सोलत राह्यली. मी पण सोलला.

रविवार, २६ ऑक्टोबर

घरी फोन. आईनं नेहमीसारखं विचारलं, ‘किती वाजले तिकडं?’ मी नेहमीसारखे साडेतीन तास वजा करून सांगितले. मागून बाबांचा आवाज आला, ‘चुकलं. आजपासून त्यायचं घड्याळ एक तास मांगं गेलं. हिवाळ्याचं. तुयं गेलं का?’

मी खरंच विसरलो होतो. सारवासारव केली, हो हो, आत्ताच करणार होतो. आई म्हणाली, बाबांनी स्वयंपाकघरात दुसरं घड्याळ लावलं आहे, जर्मनीच्या टाइमचं. काल रात्री स्टुलावर चढून काटा मागं घेतला. रोज डबा बांधताना त्यात पाहतात, अन म्हणतात आता तो उठला असंन, आता तो वर्गात गेला असंन.

फोन ठेवल्यावर लै वेळ लसणाकडं पाहत बसलो. बाबांना जर्मनी माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मी एक नंबरचा नालायक आहे, हे शुद्ध भाषेत लिहिलं तरी तेवढंच राहील.

शुक्रवार, ३१ ऑक्टोबर

मेल नाही. आज ठरवलं, झालं तेवढं पुरे. घरी जायचं, स्टँडवर उतरायचं, फ्लेक्सखाली उभं राहून सांगायचं, या, मी जर्मनी, नाव ठेवा. आत्याले सांगितलं. ती म्हणे, ‘आधी बापाले फोन कर.’

केला. म्हटलं, ‘बाबा, मी परत आलो तं?’

मंग बाबा म्हणाले, ‘कुठून?’

कसंबसं म्हटलं, ‘जर्मनीतून.’

‘अस्सं.’ गाडीत होते वाटते, इंजिनचा आवाज येत होता. ‘हे पाह्य संघपाल. आपली गाडी रस्त्यात बंद पडली तं आपण पॅसेंजरले घरी जा म्हणतो का? खाली उतरवतो, सावलीत बसवतो, मागच्या गाडीले हात देतो. तू सावलीत आहे ना?’

‘आहे.’

‘मंग बसून राह्य. मागची गाडी येते.’

बाबांना वाटते मी तिकडं घाबरलो आहे. अभ्यास जड जात असंन, असं समजून धीर देत होते. त्यांना खरं कळलं तं कसं होईल! बॅग भरली होती, ती पुन्हा उपसली.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

आला! व्हिसा आला!

मेल काल सकाळीच आला होता, पासपोर्ट कुरिअरनं निघाला म्हणून. वाचून उडीच मारली, पत्र्याले डोकं लागलं. मंग आठवलं, अर्जावर पत्ता बीबीचा! कुरिअरवाला सरळ घरी जाणार, आई सही करणार, पाकीट उघडणार, अन महिनाभराच्या जर्मनीचं भांडं तिच्यासमोर फुटणार. काल दिवसभर अन्न गोड लागलं नाही. आईचा फोन आला, मी उचलला नाही.

अन आज दुपारी आत्या बाजारातून आली, पिशवीत मेथी, मेथीखाली पाकीट. मी विचारलं कसं काय? म्हणे, ‘कुरिअरवाल्यानं इकडंच आणून दिलं.’ पत्ता बीबीचा असून त्यानं मेहकरात आत्याले बरोबर शोधलं! लोक उगाच कुरिअरवाल्यांना नावं ठेवतात. पाकिटावर चहाच्या कपाचा गोल डाग होता. एवढ्या लांबून आलं, एखादा डाग पडणारच.

विमानाचं तिकीट सात तारखेचं भेटलं. उद्या तयारी, परवा सकाळी निघणार. यावेळी जालन्याहून. जालन्याची बस बीबीवरूनच जाते, पण बसस्टँडवर मिनिटभरच थांबते. खाली वाकून बसीन.

गुरुवार, ६ नोव्हेंबर, रेल्वेत

डबा हलतो, अक्षर सरांना आवडणार नाही.

सकाळी आत्यानं स्टँडवर आणलं. रुमाल, टोपी, तोच वेष. मागची सीट धरली. गाडी मेहकर सोडून फाट्याले लागली तसा पुढून आवाज आला, ‘चला, तिकीट घ्या, तिकीट.’ हा आवाज मी जन्मल्यापासून ऐकतो आहे. आता काय करावं? खिडकीतून उडी मारावी, तं खिडकीले गज.

बाबा एकेक सीट करत मागं आले. मशीन हातात. माझ्यासमोर उभे राह्यले.

‘कुठं?’

‘जालना,’ मी रुमालातून म्हटलं. आवाज बदलायचा प्रयत्न केला. तो बेडकासारखा आला.

‘जालना एक.’ मशीन कुरकुरली, तिकीट माझ्या हातात. ‘रुमाल काढ. महिनाभर पत्र्याखाली काढला, आता कशाले उकडून घेतो?’

अन ते पुढच्या पॅसेंजरकडं गेले.

मले वाटलं गाडीच थांबली. ती तं चालूच होती, सुलतानपूर मागं पडलं. बाबा समोर जाऊन आपल्या सीटवर बसले, मागं वळून पाह्यलं नाही. मीच उठून त्यांच्याजवळ जाणार होतो. तेवढ्यात बीबी आलं, अन मी सवयीनं खाली वाकलो.

एक घंटी. गाडी थांबली. स्टँडवर सारी वस्ती उभी. सारी! आई, तानुबाई, वैजनाथ सर, नारायणराव, कडेवर लेकरं घेतलेल्या बाया. मी सीटखाली जाता येईल तेवढा गेलो. पण गंमत म्हणजे कोणी माझ्याकडं पाहत नव्हतं. सारे दुसऱ्याच गाडीची वाट पाहत असल्यासारखे उभे. नारायणराव तं घड्याळ पाहत होते, जे त्यांच्या हातात नव्हतंच.

तानुबाई दारापाशी आली अन बाबांना ठणठणीत आवाजात म्हणाली, ‘सहदेवा, तुह्या पोराचा फोन आला तं सांगजो. म्हणा तब्येतीले जप. अन तिकडं लै गोड नको बोलू, इकडच्यासारखंच बोल म्हणा.’

‘सांगतो,’ बाबा.

आईनं खिडकीतून दोन डबे दिले. ‘हा तुमचा. अन हा एखादा पॅसेंजर उपाशी असंन त्याले. त्यात ठेचा आहे.’ मंग माझ्या खिडकीखालून जाताना, नजर जमिनीवर ठेवून, म्हणाली, ‘या खेपेला मिरची करपू नाही दिली.’

सरांनी पॅसेंजरले उद्देशून, शुद्ध भाषेत, सामान सांभाळण्याविषयी काहीतरी सांगितलं. अन शेवटी दुबई आला. पिशवीतून लोकरीचं मफलर काढलं, माझ्या खिडकीच्या गजात अडकवलं. ‘कोणाचं पडलं दिसते,’ म्हणे. ‘ज्याचं असंन त्यानं घ्या.’

मले उठावं वाटलं, खाली उतरावं, एकेकाचे पाय धरावे. पण त्या साऱ्यांनी एवढ्या निगुतीनं मले जर्मनीत ठेवलं होतं, की बीबीत उतरायची हिंमत झाली नाही. फ्लेक्स तिथंच होता. माझं मुंडकं उन्हानं फिकं पडलं होतं, अन निघण्याच्या तारखेवर कोणीतरी पांढरा कागद चिकटवला होता. कोरा.

जालन्याच्या स्टँडवर बाबांनी चहा सांगितला. ‘मलकापूरच्या गाडीत प्रेमानंद होता ड्युटीवर,’ म्हणे. ‘माह्या बॅचचा. तू सीटवर बसायच्या आधी त्यानं मले फोन केला.’

‘मंग बोलले काऊन नाही?’

‘काय बोलू? तू मले वाचवून राह्यला होता. मी म्हटलं, वाचवू दे.’ त्यांनी बशीत चहा ओतला. ‘गावात आधी त्या पोट्ट्याले कळलं, मोबाईलवाल्याले. मी म्हटलं, संपलं आता. पण त्यानंच साऱ्यांना दुकानात बोलावून बजावलं. याचं नाव पडू द्यायचं नाही. माह्यं पडलं तेवढं बास म्हणे.’

त्याचं नाव दीपक आहे. मफलर गळ्यात होतं, अन जालन्यात काही थंडी नव्हती.

बाबांची गाडी परत मेहकरले लागली. मी फलाटावर उभा, ते गाडीत. निरोप द्यायला आज मीच होतो. गाडी भरली, पण घंटी वाजेना. ड्रायव्हर मागं वळून पाहत होता. बाबा दोरी धरून नुसते उभे, अन चेहरा दुसरीकडं. तेव्हा पह्यल्यांदा कळलं की शेगावलेही त्यांना थाप मारणं सोपं गेलं नसंन.

मी पुढं झालो अन एसटीच्या पत्र्यावर तळहातानं दोनदा थाप मारली.

रविवार, ९ नोव्हेंबर

खरी जर्मनी. हात गारठले, पेन चालत नाही. खोलीत नळ आहे, चोवीस तास पाणी. काल रात्रीपासून तीनदा उघडून पाह्यला, अन तीनही वेळा बादली शोधली.

दुपारी आईचा व्हिडिओ आला. मी कॅमेरा लावला. तिच्या मागं स्वयंपाकघरातली दोन्ही घड्याळं दिसत होती. तिनं पहिल्या फोनवरचाच प्रश्न विचारला.

‘कसं आहे तिकडं?’

‘लै थंडी,’ मी म्हटलं.

‘हाव,’ आई म्हणाली. ‘आज पंख्याचा आवाज नाही येऊन राह्यला.’